ससा पाळायचा, तर खायचाही
ओहायोतल्या आमच्या परसात सिल्व्हर फॉक्स जातीचे ससे आहेत. काळ्याभोर अंगावर चंदेरी केस. उलटा हात फिरवला की ते उभेच राहतात, पुन्हा सुलटा फिरवेपर्यंत. वॉल्टर गार्लंड यांनी ही जात १९२०च्या दशकात याच राज्यात घडवली. पुढे ती फार दुर्मीळ झाली.

ससे खाण्यासाठी पाळते म्हटलं की इथल्या आपल्या मराठी मंडळींना ऐकवत नाही. तीच मंडळी दुकानातलं चिकन निर्धास्त खातात! मला हे पटत नाही. नुसत्या कौतुकावर जात टिकत नाही, तिचा घराला उपयोग असावा लागतो. मादी गाभण राहिल्यापासून साधारण ३१ दिवसांनी विते. त्याआधी पोटावरचे केस उपटून पिलांसाठी अंथरूण करते. त्यात रोज हात घालून मेलेलं पिलू असलं तर बाजूला काढावं लागतं. शांत, अंगाने भरलेली, पिलं नीट जगवणारी मादी वंशासाठी ठेवायची, बाकीचे ससे मांसासाठी. ही निवड थांबली की रंग उरतो, गुण जातात.

कापण्याचं काम मी स्वतः करते आणि ते कधी सोपं वाटू नये, अशीच माझी इच्छा आहे. जेवताना ताटात काय आहे, हे मुलांना स्पष्ट सांगते.