संसारांतील चार गोष्टी : घरची पिकअप आणि न पोंचलेलें पत्र

ज्या घरांत पूर्वीं बैलांच्या खुरांची व गाडीच्या आंखाची विचारपूस रोज सकाळीं होत असे, त्याच घराच्या दाराशीं हल्लीं एक छोटी मालमोटार उभी दिसते. तिला लहानथोर सर्वजण ‘पिकअप’ म्हणतात. आम्हीही तोच शब्द योजूं. आमच्या जालना जिल्ह्यांत शेतीवाडी असलेल्या घराचें या वाहनावांचून पान हालत नाहीं. बदनापूर-अंबडकडील मोसंबी, कडवंचीचीं द्राक्षें, जालन्याच्या बाजारांत जाणारे रेशीमकोष, बियाण्याच्या व खताच्या गोणी, लग्नकार्यांतील भांडींकुंडीं, सर्व कांहीं तिच्या हौद्यांतूनच ये-जा करतें. नवी गाडी घेण्याची ऐपत सर्वांस नसते. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या हातची, पांच-दहा वर्षें राबलेली पिकअप घेणारीं घरें पुष्कळ आहेत. बैल लंगडूं लागला तर घरांतलें पोरही तें ओळखीत असे. मोटारीच्या पोटांतला दोष मात्र कित्येकदां तिच्या कारखानदारास आधीं कळतो, व मालकास मागाहून कळतो किंवा कळतच नाहीं. हा निरोप मालकापर्यंत कां पोंचत नाहीं, व तो पोंचावा म्हणून गृहस्थानें काय करावें, याचा विचार या महिन्यांत करूं.

प्रथम मूळ गोष्ट समजून घेऊं. कारखान्यांत एकाच पद्धतीनें हजारों गाड्या तयार होतात. एखादी नळी नीट बसली नाहीं, अगर एखादा भाग हिणकस धातूचा निघाला, तर तो दोष एका गाडीपुरता न राहतां त्या सबंध तुकडींत उतरण्याचा संभव असतो. असें ध्यानांत आल्यावर विकलेल्या गाड्या तपासणीसाठीं मालकांकडून मागवून घेणें, आणि दोष निघाल्यास तो भाग विनामूल्य दुरुस्त करून अगर बदलून देणें, यास ‘रिकॉल’ म्हणतात. आपण त्यास ‘परतबोलावणी’ म्हणूं. परत बोलावलेली गाडी म्हणजे टाकाऊ गाडी, असा एक समज आहे. कित्येक मालक गाडीची किंमत उतरेल या भीतीनें ही गोष्ट लपवूनही ठेवतात. हा समज चुकीचा आहे. परतबोलावणींत तपासून दुरुस्त झालेली गाडी निर्धास्त. बोलावणें असूनही न गेलेली गाडी तेवढी भयाची.

अमेरिकेंत या विषयीं कायदा १९६६ सालीं झाला. आपल्याकडे जुलै २०१२ मध्यें मोटार-उत्पादकांच्या संघटनेनें स्वेच्छेचा एक नियम घालून घेतला. पुढच्याच वर्षीं, जुलै २०१३ मध्यें, जनरल मोटर्स कंपनीनें २००५ ते २०१३ या काळांतील सुमारें एक लक्ष चौदा हजार ‘टवेरा’ गाड्या परत बोलाविल्या. ही गाडी खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर आपण सर्वांनीं पाहिली आहे. त्याच कंपनीनें २०१७ च्या अखेरीस हिंदुस्थानांत गाड्या विकणें बंद केलें. म्हणजे गाडी रस्त्यावर धांवत असतां विकणारा दुकान आवरून जाऊं शकतो, हेंही लक्षांत ठेवावें.

स्वेच्छेचा नियम तो अखेर स्वेच्छेचाच. म्हणून २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत दुरुस्ती होऊन ११०-अ हें कलम आलें, व त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून अंमलांत आले. वाहनांतील दोषामुळें चालकास, आंत बसणारांस, रस्त्यावरील इतरांस अगर पर्यावरणास अपाय होण्याचा संभव असेल, आणि ठराविक प्रमाणांत मालकांनीं तशी तक्रार केली असेल, तर केंद्र सरकार कंपनीस गाड्या परत बोलाविण्याचा हुकूम करूं शकतें. कंपनीनें मग गाडी दुरुस्त करून द्यावी, बदलून द्यावी अगर तिचें मोल परत करावें. शिवाय दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. कंपनीनें आपण होऊन दोष कळविला व परतबोलावणी केली, तर तिला दंड नाहीं. ही योजना शहाणपणाची आहे, कारण चूक लपविण्यापेक्षां सांगण्यांत लाभ असला म्हणजे माणूस सांगतो. मात्र ही सक्ती सात वर्षांच्या आंतील वाहनांपुरती आहे. अमेरिकेंत परतबोलावणींतील दुरुस्ती पंधरा वर्षांपर्यंत फुकट मिळण्याचा हक्क आहे. जेथें दहा वर्षांची पिकअप ‘अजून तरणीच आहे’ असें म्हणतात, त्या आपल्या देशांत सात वर्षांची मर्यादा थोडी आंखूडच म्हणावी लागेल.

आतां प्रत्यक्ष पिकअपचें उदाहरण पाहूं. २०२१ सालीं महिंद्र कंपनीनें २९,८७८ पिकअप गाड्या तपासणीसाठीं बोलाविल्या. या गाड्या जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळांत तयार झालेल्या होत्या, व त्यांतील द्रव वाहणारी एक नळी योग्य प्रकारें बसली नसावी अशी शंका होती. त्याच वर्षीं नाशिकच्या कारखान्यांतील सहाशेंहून कमी डिझेल गाड्या निराळ्याच कारणानें बोलाविल्या गेल्या : कारखान्यांत आलेलें इंधनच दूषित होतें, व त्यामुळें यंत्राचे भाग अकालीं झिजण्याची भीति होती. या गाड्या २१ जून ते २ जुलै २०२१ एवढ्या बाराच दिवसांतल्या. यावरून एक बोध घेण्यासारखा आहे. शेजाऱ्याची गाडी त्याच नांवाची, त्याच रंगाची, त्याच वर्षाची असली, तरी तिला बोलावणें नाहीं म्हणून आपल्या गाडीसही नाहीं, असें अनुमान करतां येत नाहीं. दोन गाड्यांच्या जन्मांत एका आठवड्याचें अंतर असलें तरी एकीस दोष व दुसरीस नाहीं, असें घडतें. ओळख पटते ती चासी-क्रमांकानें. हा सतरा अक्षरांकांचा क्रमांक म्हणजे गाडीची जन्मपत्रिकाच होय.

असो. कंपनी मालकांस कळविते; पण कळविते कोणास? कंपनीजवळ नांव असतें तें प्रथम खरेदी करणाराचें, आणि सरकारी दप्तरांत नांव असतें तें शेवटीं नोंदलेल्या मालकाचें. २०२० सालची पिकअप आतां दुसऱ्या मालकाकडे जाण्याच्या वयाची झाली आहे. व्यवहार पुष्कळदां सहीच्या कोऱ्या कागदांवर होतो, नांवाची बदली ‘पुढें पाहूं’ म्हणून राहते, आणि पत्र जातें तें ज्याचा आतां त्या गाडीशीं कांहीं संबंध उरला नाहीं अशा माणसास.

आपल्या एकत्र कुटुंबांत तर गाडी विकावी लागत नाहीं. ती घरांतल्या घरांतच निनांवी होते. अंबड तालुक्यांतील आमच्या परिचयाच्या एका घरची हकीकत सांगतों. चार भावांच्या सामाईक पैशानें पिकअप घेतली, ती रीतीप्रमाणें थोरल्या भावाच्या नांवें. पत्ता दिला तो जालन्याच्या भाड्याच्या बिऱ्हाडाचा, कारण मुलें तेव्हां तेथें शिकत होतीं; आणि दूरध्वनीचा क्रमांक दिला तो एका पुतण्याचा, जो पुढें नोकरीनिमित्त पुण्यास गेला व ज्यानें क्रमांकही बदलला. दोन वर्षांनीं थोरले भाऊ वारले. दिवसकार्य यथासांग झालें, जमिनीच्या फेरफाराची नोंद झाली. गाडीच्या कागदाकडे मात्र कोणी पाहिलें नाहीं. पुढें घरची सून हळदीकुंकवास त्या जुन्या बिऱ्हाडाच्या मालकिणीकडे गेली, तेव्हां त्या म्हणाल्या, “सूनबाई, तुमच्या मोठ्या मामंजींच्या नांवाचा एक लखोटा केव्हांचा पडून आहे हो. ते गेल्यावर द्यावा कोणाकडे, म्हणून फडताळांत ठेवला.” तें पत्र गाडीच्या परतबोलावणीचें होतें. अकरा महिने पत्र फडताळांत होतें, आणि अकरा महिने तीच गाडी मोसंबीच्या क्रेटांनीं भरून, घरचीं दोन मुलें पुढें बसून, रोज पहांटे बाजारास जात होती. गाडी नेऊन दाखविली तेव्हां नळी बदलावी लागली. कोणाच्या केसासही धक्का लागला नाहीं, ही देवाची कृपा. परंतु देवाच्या कृपेस आपण किती दिवस राबवून घ्यावें याला मर्यादा आहे.

जुन्या पिकअपविषयीं मालकांच्या नेहमींच्या तक्रारी कोणत्या, हेंही पाहिलें पाहिजे. पाटे तुटतात, क्लचप्लेट जळते, स्टीअरिंग एका अंगास ओढतें, उन्हाळ्यांत इंजिन तापतें, हौद्याखालीं गंज चढतो, रिकाम्या गाडीचा ब्रेक एकदम दाबला तर मागील चाकें घसरतात. वैद्यकांत रोगाचे ‘सहज’ व ‘आगंतुक’ असे भेद सांगितले आहेत. तोच विवेक येथें करावा. सुमारें दीड टन वाहण्यासाठीं केलेल्या गाडींत अडीच टन भरले, तर पाटे तुटणें व ब्रेक झिजणें हा दोष आगंतुक. त्याचा बोल कंपनीस लावतां येणार नाहीं. खताच्या गोणींतून सांडलेली पूड व ओल्या क्रेटांतून झिरपणारें पाणी महिनोन्महिने न धुतां राहिलें, तर गंज चढणारच. मागील चाकें घसरणें यांत तर बरेंचसें रचनेचेंच कारण आहे : रिकाम्या पिकअपचा मागील भाग हलका असतो, म्हणून रिकामी गाडीही बेतानेंच हांकावी.

पण ‘गाडी जुनी झाली, असें व्हायचेंच’ या एका वाक्यानें सर्व तक्रारी मिटवूं नयेत. अमेरिकेंत टोयोटा कंपनीच्या ‘टॅकोमा’ या पिकअपच्या १९९५ ते २००० सालांतील गाड्यांचा सांगाडाच गंजून पोखरूं लागला. तेथील थंड प्रांतांत रस्त्यांवर मीठ टाकतात, तेव्हां गंज मालकांच्या माथीं मारणें सोपें होतें. परंतु त्याच ठिकाणचा तोच गंज अनेक गाड्यांत आढळला. सांगाड्यास गंजरोधक लेप पुरेसा नव्हता असें निष्पन्न झालें. २००८ सालीं कंपनीनें गंजाविरुद्धची हमी पंधरा वर्षांपर्यंत वाढविली, आणि अगदींच पोखरलेल्या गाड्या बाजारभावाच्या दीडपट मोल देऊन परत घेतल्या. गाड्या तेव्हां आठ ते तेरा वर्षांच्या झाल्या होत्या. एकाच्या गाडीस जें होतें तें आगंतुक असूं शकेल. तेंच शंभरांच्या गाड्यांस एकाच जागीं होऊं लागलें, तर तो सहज दोष आहे असा संशय घ्यावा. आणि शंभरांस होत आहे हें कळण्यासाठीं शंभरांनीं तें कोठेंतरी लिहिलें पाहिजे. मेस्त्रीच्या कानीं घातलेली तक्रार सरकारच्या वहींत उमटत नाहीं.

आतां कर्तव्य काय तें सांगतों. सूचीकटाहन्यायानें सोपें काम आधीं घ्यावें. घरच्या गाडीचें नोंदणीपत्र आज बाहेर काढून त्यावरील नांव, पत्ता व दूरध्वनीचा क्रमांक वाचावा. पत्ता व क्रमांक जुने असतील तर बदलून घ्यावे. मालक दिवंगत झाले असतील, तर वारसानें मृत्यूनंतर तीस दिवसांच्या आंत परिवहन कार्यालयास कळवून तीन महिन्यांच्या आंत नांवाच्या बदलीचा अर्ज करावा, असा नियम आहे. मुदत टळली असली तरी अर्ज करावाच. गाडी विकली असेल तर विकणारानें चौदा दिवसांत व घेणारानें तीस दिवसांत कळवावयाचें असतें.

दुसरें काम, चासी-क्रमांक कागदावर उतरून घेऊन कंपनीच्या अधिकृत दुरुस्तीगृहांत जावें आणि ‘या क्रमांकाच्या गाडीस परतबोलावणी होती काय, व असल्यास तें काम झालें आहे काय’ असें लेखी विचारावें. दुसऱ्या हातची गाडी घेतांना हा प्रश्न पैसे मोजण्यापूर्वीं करावा. गाडीचें वय सात वर्षांहून अधिक असलें तरी विचारण्यास आडकाठी नाहीं. मालवाहू गाडीस पहिलीं आठ वर्षें दोन वर्षांनीं व पुढें दरसाल योग्यतेचें प्रमाणपत्र घ्यावें लागतें. परंतु त्या एका तपासणीवर विसंबून हा प्रश्न टाळूं नये.

तिसरें काम, गाडीची एक वही घालावी. तारीख, किती किलोमीटर झाले, काय बिघडलें, कोणता भाग बदलला, किती पैसे पडले, एवढें एका ओळींत लिहावें. घरांतील हिशेब ज्या सुना-मुली ठेवतात त्यांच्याकडे ही वही सोंपविली तर ती नियमित राहील, असा आमचा अनुभव आहे. तोच भाग वारंवार जाऊं लागला, आणि त्यानें जीवास धोका आहे असें वाटलें, तर रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर दोषाची नोंद करावी. ज्यानें स्वतः राबून पोट भरण्यासाठीं पिकअप घेतली आहे तो कायद्यानें ‘ग्राहक’च ठरतो, त्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत दाद मागतां येते. तेथेंही वहीच साक्षीदार होते.

या सर्वांस फार तर दोन दिवस लागतील, व खर्च थोडासा येईल. मोसंबीचा हंगाम आला म्हणजे गाडीस उसंत मिळत नाहीं, आणि पहांटेच्या अंधारांत तिच्या पुढच्या बैठकीवर बसतात तीं आपलींच मुलें असतात. तरी वाचकांनीं पुढील अंक हातीं पडण्यापूर्वीं निदान नोंदणीपत्रावरचें नांव तेवढें वाचून पहावें, अशी विनंति आहे.