निकामी म्हणून कुणी सांगितलं?

जुनं इंजिन खोलून परत जोडलं की शेवटी एखादा वॉशर आणि दोन नट उरतातच. गाडी सुरू झाली की आपण ते डब्यात टाकतो आणि म्हणतो, "एक्स्ट्रा होते!" ज्याचं काम कळत नाही ते निकामी, हा आपल्या वर्कशॉपचा अलिखित नियम. डॉक्टर मंडळीही यातून सुटलेली नाहीत. थायमस आणि प्लीहा हे आपल्या रोगप्रतिकार यंत्रणेचे दोन अवयव. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते जवळजवळ डब्यातच होते, आणि त्याची किंमत मोजली ती पेशंटांनी. त्यात लहान मुलं बरीच.

थायमस म्हणजे छातीच्या हाडामागची मऊ ग्रंथी. बाळपणी ती चांगली मोठी असते, वयात आल्यावर आकसत जाते. पूर्वी शवविच्छेदनाला यायचे ते बहुतेक गरीब घरचे, दीर्घ आजाराने गेलेले. आजारपणात थायमस आणखी आकसते, पण तोच आकार 'नॉर्मल' धरला गेला. मग अचानक दगावलेल्या धडधाकट बाळाची थायमस मोठी दिसली की हिनेच बाळाचा श्वास कोंडला, असं निदान व्हायचं! सॅम्पल चुकलं की काय होतं याचं इतकं भयंकर उदाहरण स्टॅटिस्टिक्सच्या कुठल्याच पुस्तकात मला सापडलेलं नाही. अमेरिकेत निरोगी बाळांच्या छातीवर क्ष-किरण सोडून ही ग्रंथी 'लहान' करण्यात आली. पुढे त्यातल्या कित्येकांना थायरॉईडचा कॅन्सर झाला.

१९६१ साली लंडनमध्ये जाक मिलर यांनी नवजात उंदरांची थायमस काढून पाहिली. पिल्लं खंगली, साध्या जंतूंनी आजारी पडली, आणि दुसऱ्या उंदराची कातडी लावली तरी त्यांच्या शरीराने ती नाकारली नाही. मोठ्या उंदरांवर असा फरक दिसत नव्हता, कारण तोवर थायमसचं बरंचसं काम उरकलेलं असतं. काम म्हणजे तोंडी परीक्षा! अस्थिमज्जेत जन्मलेल्या काही पेशी इथे येतात. स्वतःच्या शरीराची खूण ओळखता येते का? आणि ओळखून त्याच्यावरच हल्ला तर करत नाहीस? शंभरातल्या पाचेकच पास होतात, बाकीच्या तिथेच मरतात. एटीकेटी नाही.

बरं, मोठेपणी तरी ती निकामी? २०२३ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी छातीच्या शस्त्रक्रियेत थायमस काढलेल्या मोठ्या माणसांची पाहणी प्रसिद्ध केली. पाच वर्षांत त्यांच्यातले ८.१ टक्के दगावले होते. छातीची शस्त्रक्रिया होऊनही थायमस शाबूत राहिलेल्यांत हेच प्रमाण २.८ टक्के होतं.

पास झालेल्या पेशींपुढे नवा प्रश्न. एखादा ठरावीक जंतू ओळखणारी पेशी लाखात एक. ती आणि पायाच्या अंगठ्यातून शिरलेला जंतू यांची भेट व्हायची कशी? त्यासाठी शरीराने काखेत, जांघेत, मानेत, पोटात मिळून पाचशेच्या वर लसिका ग्रंथी ठेवल्यात. जखमेकडचा द्रव जंतूंचे तुकडे घेऊन तिथे येतो, रक्तातून फिरणाऱ्या पेशीही तिथेच येतात. जुळलं की त्या एका पेशीच्या हजारो होतात आणि ग्रंथी सुजते. आजी म्हणते ना, "पायाला लागलं म्हणून जांघेत अवधाण आलंय"? आजीचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. (न दुखणारी गाठ वाढतच गेली किंवा महिनाभर तशीच राहिली, तर मात्र डॉक्टर गाठायचा.)

प्लीहेचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण तो आपल्या हॉस्टेलपर्यंत येतो. डाव्या बरगड्यांखालचा हा दीडशे ग्रॅमचा अवयव रक्त गाळतो आणि न्युमोकॉकससारखे कवचवाले जंतू पकडतो. बाइक घसरून हँडल पोटात घुसलं की बऱ्याचदा हीच फुटते. एकेकाळी फुटली की सरळ काढून टाकायचे, हिच्यावाचून माणूस जगतो म्हणून. जगतो, खरंय. पण १९५२ साली किंग आणि शूमाकर या अमेरिकन डॉक्टरांनी प्लीहा काढलेल्या पाच बाळांची नोंद छापली. पाचही जणांना पुढे गंभीर जंतुसंसर्ग झाला होता. आता सर्जन होईल तितकी प्लीहा वाचवतात. काढावीच लागली तर लसी देतात, तरी धोका आयुष्यभर राहतो. अशा माणसाला थंडी वाजून ताप आला तर काही तासांत जिवावर बेतू शकतं.

आणि आपल्याकडे काय चालतं? ताप आला की रूममेट पॅरासिटामॉलची गोळी देतो, "झोप गपचूप, प्रॉक्सी मी मारतो" म्हणतो आणि दिवा घालवतो. हॉस्टेलच्या फॉर्मवर रक्तगट विचारतात, लोकल गार्डियनचा पत्ता विचारतात, प्लीहा काढली आहे का हे कुणी विचारत नाही. अपघात झालेली पोरंही आपणहून सांगत नाहीत. पोटावरचा व्रण दाखवत फिरायला कुणाला आवडेल?

रेक्टर सर, पुढच्या प्रवेशापासून फॉर्मवर ही एक ओळ वाढवा. उत्तर तुमच्याकडेच राहू द्या. ज्याचं उत्तर 'हो' असेल, त्याच्या रूममेटला त्याच्या परवानगीने एवढंच सांगून ठेवा की याला ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी वॉचमनला उठवायचं आणि रिक्षा करून थेट हॉस्पिटल गाठायचं.