मीटर बदलण्यापूर्वी वायर पाहा

मोटारसायकल दुरुस्तीच्या धंद्यात आपली माणसे फार जुनी आहेत. पंक्चरच्या टपरीपासून बोअर-पिस्टनच्या कामापर्यंत कितीतरी घरे या हुन्नरावर चालतात. स्पीडोमीटर केबलवर चालत होते तोवर बिघाड शोधायला उस्तादांना कसलेही यंत्र लागत नसे. केबल चाकाकडून सोडवायची, आतली तार बोटांनी फिरवायची. काटा हलला तर मीटर ठीक.

आता बहुतेक नव्या गाड्यांत केबलच्या जागी सेन्सर आला आहे, आणि आमची तक्रार इथेच आहे. गेल्या पावसाळ्यात पुढचे पंक्चर काढल्यावर आमच्या गाडीचे मीटर शून्यावर थांबले. एका गॅरेजवाल्याने दोन मिनिटांत फैसला दिला, "मीटर गेले, नवे टाका." किंमत ऐकून आम्ही गाडी तशीच परत आणली. दुसऱ्या दिवशी एका वयस्कर मिस्त्रींनी सेन्सरची वायर हाताने चाचपली, हँडल डावी-उजवीकडे वळवून पाहिले. मीटर मध्येच जिवंत होई, मध्येच मरे. वरचे आवरण शाबूत, आतले तांबे तुटलेले! जोड दिला आणि काम संपले. त्यांनी मागितले फक्त दीडशे रुपये.

हा सेन्सर पुढच्या चाकाजवळ असतो, काही गाड्यांत गिअरबॉक्सवर. चाकाबरोबर फिरणारे चुंबक किंवा दात समोरून गेले की तो मीटरला इशारा पाठवतो. म्हणून पहिली नजर चाकाकडे हवी. चाक बसवताना सेन्सरचा भाग खाचेत नीट बसला का, वायर चेपली का, टोकावर लोखंडी कीस किंवा चिखल जमला का? मग कनेक्टर उघडून पाणी आणि हिरवा गंज पाहावा. एबीएसचा दिवाही पेटलेला असेल तर तपासाची वाट वेगळी. तिथला सेन्सर बहुधा दोन वायरींचा असतो, त्याला पुढची रीत चालत नाही.

साध्या तीन वायरींच्या सेन्सरला मल्टिमीटर पुरतो. कनेक्टर जोडलेलाच ठेवून, चावी चालू करून, पुरवठा आणि अर्थिंगच्या वायरींत व्होल्टेज पाहावे. मॉडेलप्रमाणे ते 5 किंवा 12 च्या आसपास मिळते. मिळालेच नाही तर दोष फ्यूज, वायरिंग किंवा मीटरकडे. सेन्सर बदलून उपयोग नाही. पुरवठा असेल तर चाक हाताने सावकाश फिरवावे. सिग्नलच्या वायरीवर व्होल्टेज वर-खाली झाले पाहिजे. मीटरच्या कनेक्टरपाशीही तसे होत असून आकडा शून्यच असेल, तरच मीटरवर बोट ठेवावे. जुन्या सवयीने सिग्नलच्या वायरीला बल्बची टेस्टर लावू नये, चांगला सेन्सर जळू शकतो.

कारागीर हे सगळे न करता मीटर का बदलतो? नुसती लबाडी म्हणून नाही. अर्धा तास तपासले आणि तुटकी वायर सापडली, तर गिऱ्हाईक म्हणते, "एका वायरीचे एवढे पैसे?" तेच गिऱ्हाईक हजारोंचे मीटर मुकाट्याने घेते. तपासाला मोल नाही, पार्टला आहे. मग कारागीर पार्टच विकणार. आमचे स्पष्ट म्हणणे आहे की गॅरेजवाल्यांनी तपासणीची मजुरी पाटीवर वेगळी लिहावी, आणि आपल्या व्यापारी मंडळींनी ती घासाघीस न करता द्यावी. माल पोचवायला चार-चार गाड्या ठेवणाऱ्यांना तर हे स्वस्तच पडेल.

आणि मीटर खरोखर बदलावे लागले तर? पुष्कळ गाड्यांत चाललेल्या किलोमीटरचा आकडा मीटरमध्येच साठलेला असतो, नवे मीटर शून्यापासून मोजू लागते. जुना आकडा आणि तारीख बिलावर लिहून द्यावी. उद्या ती गाडी जुन्या बाजारात आली तर विकणाऱ्याला तोच कागद दाखवता येईल.