खटपट्यांसाठी एक खुंटी

एकाच बटणावर मराठी लिहायचे असेल, तर ‘पाणी’ या शब्दाला किती वेळ लागेल? हिशेब कागदावरच होतो. पडद्यावर वर्णमालेचा तक्ता मांडा: पहिल्या पाच ओळींत क, च, ट, त, प हे वर्ग, सहावीत य र ल व श, सातवीत ष स ह ळ आणि आठवीत काना, वेलांट्या, उकार वगैरे. उजेडाची पट्टी दर सेकंदाला एक ओळ खाली सरकते. हवी ती ओळ उजळली की बटण दाबायचे, मग पट्टी त्या ओळीत अक्षरामागून अक्षर सरकते, पुन्हा दाबायचे. स्विच-स्कॅनिंग म्हणतात ते हेच. यात ‘प’ला ६ सेकंद, काना द्यायला ९, ‘ण’ला ८ आणि दीर्घ वेलांटीला ११ लागतात, एकूण ३४. आता तक्त्यात एकच फेरफार करा. व्यंजन निवडले गेले की मात्रांची ओळ तळातून उचलून सर्वांत वर आणायची, मात्रा दिली गेली की ती परत तळाला. कान्याचे ९ चे २ होतात, वेलांटीचे ११ चे ४, आणि शब्द २० सेकंदांत संपतो. ‘घर’ लिहिताना वर आलेल्या मात्रांच्या ओळीपायी एका सेकंदाचा भुर्दंड पडतो, पण तो परवडतो. यासाठी नवे यंत्र लागले नाही की मोठे मॉडेल. मराठीत व्यंजनामागून बहुधा काय येते याची जाण आणि वीस-पंचवीस ओळींचा कोड, एवढ्यावर भागले.

अपंगत्व असलेल्या माणसाला संगणक चालवता यावा म्हणून झालेली बरीचशी चांगली कामे अशीच सुरू झाली आहेत: कुणा एकाच्या खटपटीतून, बहुतेकदा कुणा एकासाठी. (‘खटपट्या’ हा शब्द आपण जरा कुचेष्टेनेच वापरतो, इथे तो मानाचा समजावा.) स्टीफन हॉकिंग वर्षानुवर्षे ज्या ‘इक्वलायझर’ प्रोग्रामवर लिहीत आणि बोलत होते, त्याचे मूळ वॉल्ट वोल्टोझ यांनी एएलएस या मज्जातंतूंच्या विकाराने आजारी असलेल्या आपल्या सासूबाईंसाठी केलेल्या कामात आहे. केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड मॅके यांनी डेव्हिड वॉर्ड यांच्यासह ‘डॅशर’ घडवले. त्यात अक्षरे उजवीकडून आपल्याकडे वाहत येतात, पुढे येण्याची शक्यता जितकी जास्त तितका अक्षराचा चौकोन मोठा, आणि लिहिणाऱ्याने फक्त दिशा देत जायचे. गाडी चालवावी तसे लिहिणे. त्यामागचे गणित अंकगणिती संकेतनाचे, म्हणजे फाइल आवळून लहान करण्याचे आहे. मॅके यांनी ते उलटे चालवले. नजरेने चालवल्यास ही पद्धत पडद्यावरच्या कीबोर्डपेक्षा वेगवान आणि कमी चुकांची ठरते, हे दोघांनी २००२ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले. पुढे मॅके यांनी अंगाला पट्टा बांधून त्याला साधा माउस जोडला आणि नुसत्या श्वासाने डॅशर चालवून दाखवले. डॅशरला बोट, डोळा, श्वास सगळे सारखेच. त्याला फक्त दिशा हवी असते.

पुण्यात वाढलेले, पुणे विद्यापीठ आणि आयआयटी मुंबईत शिकलेले टी. व्ही. रामन यांनी असाच प्रश्न सपाट काचेच्या बाबतीत सोडवला. टचस्क्रीनवर चाचपायला उंचवटा नाही, मग दृष्टिहीन माणसाने फोन नंबर फिरवायचा कसा? गूगलमध्ये असताना त्यांनी सहकाऱ्यासह केलेल्या डायलरमध्ये बोट काचेवर जिथे टेकेल तिथेच ५ असतो. तिथून वर सरकवले की २, खाली ८, डावीकडे वर १. बोटाने बटण शोधायचे नाही, बटणांनीच बोटाखाली यायचे. आयआयटी मुंबईच्या ‘स्वरचक्र’ कीबोर्डातही वेगळ्या वाटेने असेच काहीसे घडते: व्यंजनावर बोट ठेवले की त्याच्याभोवती मात्रांचे कडे उमलते, बाराखडी बोटापाशी चालत येते.

एवढे सांगितल्यावर संपादकीयाने ‘अशा कल्पकांना प्रोत्साहन द्या’ असे म्हणून मोकळे व्हावे, अशी अपेक्षा असेल. आमचे म्हणणे वेगळे आहे. कल्पनांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे त्या अडकवायच्या खुंट्यांचा. रामन यांचेच दुसरे काम पाहा. १९९५ मध्ये त्यांनी ‘ईमॅक्सस्पीक’ प्रसिद्ध केले. ईमॅक्स या मजकूर-संपादक प्रोग्रामला बोलके करणारा हा प्रकल्प मुख्यतः एका माणसाच्या जिवावर तीन दशके टिकला आहे. याचे श्रेय रामन यांच्या चिकाटीइतकेच ईमॅक्सच्या रचनेला आहे. ईमॅक्समध्ये प्रत्येक कृतीला नाव असते. कर्सर पुढच्या ओळीवर नेणे ही एक नाव असलेली आज्ञा. ती कळ दाबून दिली, मेनूतून दिली की दुसऱ्या प्रोग्रामने दिली, याची तिला पर्वा नसते. शिवाय मूळ कोडला हात न लावता ‘ही आज्ञा पार पडली की आणखी हेही कर’ असे बाहेरून जोडता येते. रामन यांनी जोडले ते एवढेच: ओळ बदलली की ती वाचून दाखव. खुंटी आधीपासून होती, त्यांनी आपली पिशवी अडकवली.

आता खुंटी काढून घेतली की काय होते ते लिनक्सवर पाहा. पडदा आणि कळफलक सांभाळणाऱ्या जुन्या एक्स-११ प्रणालीत एक्सटेस्ट नावाचा विस्तार होता. कुठलाही प्रोग्राम त्यातून कळ दाबल्याचा किंवा माउस हलवल्याचा संदेश पाठवू शके. आवाजाने, नजरेने, डोक्याच्या हालचालीने संगणक चालवण्याच्या कितीतरी घरगुती खटपटी त्यावर उभ्या होत्या. एक्स-११ ची जागा घेणाऱ्या वेलँडने ही वाट बंद केली, कारण त्याच वाटेने एखादा लबाड प्रोग्राम तुमच्या नावाने कळा दाबून हवे ते करवूनही घेऊ शकत होता. कारण रास्तच होते, पण परवानगी घेऊन आत येण्याची नवी वाट, लिबईआय वगैरे, सावकाश आली. मधल्या काळात ज्यांचे हात चालत नाहीत त्यांना ‘सध्या जुन्यावरच राहा’ एवढाच सल्ला मिळत होता.

ही झाली मोठ्या मंडळींची गोष्ट. आपल्या रोजच्या कोडमध्ये काय असते? माउस वर नेला तरच उघडणारा मेनू, जो स्विच वापरणाऱ्याला कधी दिसतच नाही. ओढून क्रम लावायची यादी, जिच्यात ‘वर सरकव’ अशी आज्ञा कुठेच नाही; आहे ती फक्त बोटाच्या हालचालीत विरघळलेली. रंग देऊन बटणासारखा दिसणारा चौकोन, ज्याला ना नाव ना भूमिका. वरच्या हिशेबाने शब्दाला २० सेकंद लागणाऱ्या माणसापुढे अर्ध्या मिनिटात संपणारा ओटीपी. यांतल्या प्रत्येक ठिकाणी प्रोग्रामने ‘तुम्हाला काय हवे आहे’ हे विचारण्याऐवजी ‘ते कुठल्या अवयवाने मागणार’ हे आधीच ठरवून टाकले आहे. याचे टोक ई-केवायसीत गाठले गेले. माणूस जिवंत आहे हे पटवायला कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावण्याची अट आली आणि अॅसिड हल्ल्यात पापण्या गमावलेल्या व्यक्ती व दृष्टिहीन नागरिक दाराबाहेर राहिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणे हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि वीस निर्देश दिले. पापणी हे इनपुट आहे आणि ते सगळ्यांकडे नसते, हे कळायला आपल्या व्यवसायाला न्यायालय लागले, याची थोडी लाज वाटायला हरकत नाही.

प्रत्येक प्रोग्रामने अशा खुंट्या ठेवाव्यात, यावर सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षेचा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. अँड्रॉइडच्या अॅक्सेसिबिलिटी (सुगम्यता) सेवेचा गैरफायदा घेऊन बँकेचे तपशील लांबवणारे मालवेअर खरोखर आहेत. म्हणून काही आर्थिक अॅप्स अशी सेवा चालू दिसताच काम नाकारतात. चोर ज्या दाराने येतो ते दार भिंत घालून बुजवायचे, मग घरच्या माणसाने खिडकीतून चढावे किंवा बाहेर बसावे! मधला मार्ग उपलब्ध आहे. अँड्रॉइड १४ पासून पडद्यावरचा नाजूक भाग, जो स्वतःला सुगम्यतेचे साधन म्हणून जाहीर करतो अशाच सेवेला दाखवायची सोय आहे. तिच्यातही पळवाटा निघतील. सुरक्षेच्या कुठल्या उपायात निघत नाहीत? पण सरसकट नकार ही सुरक्षा नव्हे, तो आळस आहे.

‘आता आवाज ओळखणारी एआय आली, एवढी यातायात कशाला’ असेही विचारले जाते. एएलएसमध्ये हातांबरोबर बहुधा वाचाही जाते. मेंदूच्या पक्षाघातात उच्चार अनेकदा अस्पष्ट असतात. आणि बोलता येणाऱ्यालाही दोन खोल्यांच्या घरात सगळ्यांसमोर डॉक्टरांना लिहायचे पत्र मोठ्याने सांगावेसे वाटत नाही. शिवाय तुमच्या वतीने अॅप चालवणाऱ्या एआयलाही बटणाला नाव असेल तर काम सोपे जाते, नसेल तर तीही चित्रावरून अंदाजच बांधते. ‘अशी माणसे असतात किती’ हा संख्येचा आक्षेप तर जुनाच. शिफ्ट पाचदा दाबल्यावर उगवणारी आणि गेम खेळणारी पोरे जिला शिव्या घालतात ती स्टिकी कीजची खिडकी ‘थोड्यांसाठी’च आहे, पण एका हातात बाळ घेऊन दुसऱ्या हाताने टाइप करणारी आई त्या थोड्यांत कधी येते आणि कधी बाहेर जाते, हे कोण मोजणार?

एकट्याच्या खटपटी त्या माणसाबरोबर संपतात, या आक्षेपात मात्र तथ्य आहे. मॅके २०१६ मध्ये गेले. डॅशर मुक्त परवान्याखाली होते म्हणून ते इतरांना हाती घेता येते. ज्या खटपटी लेखकाच्या लॅपटॉपवरच राहिल्या, त्यांचा पत्ताही लागत नाही. म्हणून खटपट करणाऱ्यांकडेही मागणे आहे: कोड उघडा ठेवा आणि तो कुणासाठी, कुठल्या अडचणीवर लिहिला हे दोन परिच्छेदांत तरी लिहून ठेवा. अडचणीचे वर्णन कोडपेक्षा जास्त काळ उपयोगी पडते.

पुढच्या अंकापासून या मासिकातल्या सॉफ्टवेअर-परीक्षणांत एक रकाना वाढवत आहोत. परीक्षकाने माउस काढून ठेवायचा, फक्त टॅब आणि एंटर एवढ्या दोन कळांवर नोंदणीपासून मुख्य कामापर्यंत जायचे आणि जिथे अडकेल त्या पडद्याचे नाव छापायचे. वाचकांनी आपापली उत्पादने पाठवावीत. आमच्या संकेतस्थळाचा मेनू या परीक्षेत पहिल्याच पडद्यावर अडकला आहे, तेव्हा सुरुवात त्याच्यापासूनच होईल.