दुभाष्या संताच्या सणात वसईच्या बोली मुक्या का?

संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणानिमित्त यंदा वसईत झालेल्या एका सांस्कृतिक कार्यक्रमाला मी गेले होते. हिंदी चित्रपटगीतांवरची नृत्ये झाली, बाहेरून आणलेला ऑर्केस्ट्रा झाला, निवेदन इंग्रजीत झाले. कादोडीतले, वाडवळीतले, कोळ्यांच्या बोलीतले एकही गाणे झाले नाही. माझ्या शेजारी लाल लुगड्यातल्या दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. अर्ध्या तासात त्या उठून घरी गेल्या. आयोजकांचे नाव घेत नाही, कारण हे दुखणे एका गावाचे किंवा एका चर्चचे राहिलेले नाही.

गोन्सालो कोण होते, याची निदान सणाच्या दिवशी तरी आठवण हवी. जन्म सोळाव्या शतकाच्या मध्यातला, वसईचा. वडील पोर्तुगीज, आई इथली. वसईत जेज्विटांच्या हाताखाली शिकून कोवळ्या वयातच ते जपानला गेले आणि तिथली भाषा इतकी उत्तम बोलू लागले की मिशनऱ्यांचे म्हणणे जपानी माणसापर्यंत त्यांच्याच तोंडून पोहोचे. पुढे त्यांनी व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन संघात प्रवेश घेतला, आणि १५९३ साली त्या संघाबरोबर दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला आले. टोयोटोमी हिदेयोशीसारख्या सत्ताधीशापुढे हा वसईचा माणूस उभा राहिला तो भाषेच्या बळावर. ते धर्मगुरू नव्हते, साधे ब्रदर होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर आणखी पंचवीस जणांसह त्यांना क्रुसावर मारले गेले. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. कॅथलिक चर्चने संतपद दिलेले ते पहिले भारतीय.

ज्यांनी परक्या मुलखात जाऊन तिथल्या माणसाची भाषा शिकून घेतली, त्यांच्याच गावी, त्यांच्याच सणात गावाची बोली ऐकू येऊ नये, हे मला सहन होत नाही.

यावर आयोजक जे सांगतात ते मी अनेकदा ऐकले आहे. तरुण पोरे येत नाहीत म्हणतात. पण कादोडीतली लग्नाची गाणी हळदीला सुरू झाली की हीच पोरे अंगणात नाचतात. व्यासपीठावर ती गाणी कोणी बोलावलीच नाहीत, तर दोष पोरांचा कसा? दुसरे कारण अधिक विचार करण्याजोगे आहे. वसईत आता मंगळुरी, गोवेकर, मल्याळी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, त्यांना आमची बोली कळत नाही. खरे आहे, आणि ही कुटुंबे आमचीच माणसे आहेत. त्यांच्या कोकणी, मल्याळी गाण्यांनाही मंडपात जागा द्या, मला आनंदच होईल. मात्र सगळ्यांना कळावे म्हणून कोणाचेच नसलेले काहीतरी दाखवायचे, ही तडजोड कोणाच्याच कामाची नाही. गोन्सालोंचे काम न कळणाऱ्याला कळेल असे करून सांगण्याचे होते. कादोडी गाण्याआधी दोन वाक्यांत अर्थ सांगायला कितीसा वेळ लागतो?

भाषा अशा देवघेवीतूनच वाढतात. आपण पाव म्हणतो, जपानी माणूस त्यालाच 'पान' म्हणतो. दोन्ही शब्द एकाच पोर्तुगीज शब्दातून आलेले. वसईचा मुलगा जपानी शिकत होता त्याच काळात थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेज्विट गोव्यात उतरला आणि त्याने मराठीत 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली छापले गेले. हा वारसा आमचा आहे. नंदाखालच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सोप्या मराठीत आणले आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. वसईच्या ख्रिस्ती माणसाने मराठीशी नाते सिद्ध करण्याची गरज उरलेली नाही. ते जपण्याची गरज मात्र रोज आहे.

आणखी एक. कादोडी ही एकट्या कॅथलिकांची बोली नव्हे. सामवेदी हिंदू घरांतही तीच बोलतात, तिथल्या आजीला आणि आमच्या आजीला एकमेकींचे सगळे कळते. मग सणाच्या सांस्कृतिक मंचावर त्या घरांना आग्रहाचे बोलावणे का जात नाही? मिस्सा आमची उपासना आहे, ती आमच्या पद्धतीने होईल. संध्याकाळचा मंच गावाचा असावा. बावखले, म्हणजे गावची तळी, बुजली, पानवेली गेल्या, केळीच्या बागांवर इमारती उभ्या राहिल्या. त्या बागांत रुजलेले शब्द अजून काही म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत. ती माणसे किती वर्षे पुरणार?

नागासाकीत निशिझाकावर १९६२ साली उभारलेल्या स्मारकात सव्वीस हुतात्म्यांच्या ब्रॉन्झच्या आकृती आहेत, त्यांत गोन्सालोही आहेत. जपानने त्यांची आठवण जपली. आपण निदान अर्धा कार्यक्रम वसईच्या बोलींसाठी राखून ठेवावा, गोन्सालोंच्या जीवनावर एखादे कादोडी नाटक गावच्या पोरांकडून बसवून घ्यावे, आणि ऑर्केस्ट्रावर जाणाऱ्या पैशातला काही भाग जुनी गाणी ध्वनिमुद्रित करायला वापरावा. पुढच्या सणाच्या तयारीची पहिली बैठक घ्याल, तेव्हा उठून गेलेल्या त्या दोन म्हाताऱ्यांना आधी बोलवा, ही सर्व आयोजकांना कळकळीची विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, वसई