विश्लेषण : ‘वाइल्ड राइस’ हा तांदूळ नव्हेच? मग सुपरमार्केटमधल्या या काळ्या दाण्यावरून अमेरिकेत खटले का?

आरोग्याबाबत जागरूक ग्राहकांच्या किराणा यादीत अलीकडे ‘वाइल्ड राइस’ दिसू लागला आहे. लांब, काळपट, खमंग वासाचा हा दाणा पुलाव, सूप, सॅलडमध्ये वापरला जातो. मात्र तो ज्या सरोवरांतून येतो, तिथे त्याच्यावरून खाणी, तेलवाहिनी आणि आदिवासींचे करारहक्क असा संघर्ष वर्षानुवर्षे सुरू आहे. हा दाणा नेमका काय आहे, रोजच्या जेवणात तो कसा वापरावा आणि त्याच्या पाण्याचा वाद काय, याविषयी…

वाइल्ड राइस म्हणजे काय?

नावात ‘राइस’ असला तरी हा आपला तांदूळ नव्हे. भात म्हणजे ‘ओरायझा’, तर वाइल्ड राइस म्हणजे ‘झिझानिया’. दोन्ही गवतकुळातली, भावकी आहे, पण दूरची. खाण्यासाठी प्रामुख्याने वापरली जाणारी ‘झिझानिया पॅलुस्ट्रिस’ ही जात उत्तर अमेरिकेतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि कॅनडाच्या लगतच्या भागात उथळ सरोवरे व संथ नद्यांत वाढते. ती एकवर्षायू आहे. पिकलेला दाणा पाण्यात पडतो, गाळात हिवाळा काढतो आणि वसंतात उगवतो.

बाजारात तिची गल्लत काळ्या तांदळाशी होते. मणिपूरचा ‘चाखाओ’ हा काळा तांदूळ खरोखरच भाताचे वाण आहे. त्याला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वाइल्ड राइसशी त्याचा संबंध नाही.

महाराष्ट्रात असा रानभात आहे का?

आहे, पण तो वेगळा. कोकणासह काही भागांत तळी व पाणथळ जागांत आपोआप उगवणाऱ्या भाताला ‘देवभात’ म्हणतात. ऋषिपंचमीला नांगरलेल्या जमिनीतले, बैलाच्या कष्टाचे धान्य वर्ज्य असते. त्या दिवशी देवभाताला मान असतो. छत्तीसगडमध्ये हलषष्ठीला ‘पसहर’ तांदूळ याच कारणासाठी खातात. संस्कृत साहित्यात आश्रमातले धान्य म्हणून येणारा ‘नीवार’ही रानभातच. हे सारे ‘ओरायझा’ म्हणजे लागवडीच्या भाताचे सख्खे नातलग आहेत.

त्यांचे मोल केवळ व्रतापुरते नाही. १९७०च्या दशकात आशियातील भातावर ‘ग्रासी स्टंट’ विषाणूचे संकट आले, तेव्हा त्याला तोंड देणारा गुण भारतातून नेलेल्या ‘ओरायझा निवारा’ या रानभातात सापडला. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत गुरुदेव खुश यांच्या चमूने विकसित केलेल्या ‘आयआर ३६’सारख्या वाणांत तो उतरवला गेला.

रोजच्या जेवणात कसा वापरायचा?

अमेरिकी कृषी खात्याच्या आकडेवारीनुसार १०० ग्रॅम कच्च्या वाइल्ड राइसमध्ये सुमारे १५ ग्रॅम प्रथिने आणि ६ ग्रॅम तंतू असतात. पांढऱ्या तांदळात प्रथिने साधारण ७ ग्रॅम भरतात. त्यात ग्लुटेन नसते. मात्र शिजल्यावर दाणा खूप पाणी पितो. त्यामुळे शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये प्रथिने चारेक ग्रॅमच उरतात. डाळ-उसळीची जागा तो घेऊ शकत नाही.

पांढऱ्या तांदळासारखा तो पंधरा मिनिटांत होत नाही. एक वाटी दाण्याला तीन ते चार वाट्या पाणी लागते. शेतातल्या, चकचकीत काळ्या दाण्याला उघड्या पातेल्यात ४५ ते ६० मिनिटे लागतात. रात्रभर भिजवल्यास किंवा कुकर वापरल्यास वेळ वाचतो. दाणा उकलून आतला पांढरट भाग दिसला की झाला. उरलेले पाणी निथळून टाकायचे. एका वाटीचा तीन-चार वाट्या भात होतो.

तो चिकट होत नाही, त्यामुळे वरणभात किंवा दहीभातात मिळून येत नाही. वेगळा शिजवून मसालेभात, पुलाव किंवा भाज्यांच्या सूपमध्ये मिसळला, तर चव आणि चावा दोन्ही टिकतात. साध्या तांदळासोबत एकाच पातेल्यात टाकला, तर एक गाळ होतो नि दुसरा कच्चा राहतो. मिनेसोटात कोंबडी, मशरूम आणि मलई घातलेले वाइल्ड राइस सूप घरोघरी होते. ओजिब्वे घरांत तो हरणाचे मांस, रानबेरी किंवा मेपलच्या पाकाबरोबर खाल्ला जातो.

ओजिब्वे समाजासाठी तो एवढा महत्त्वाचा का?

ओजिब्वे किंवा अनिशिनाबे समाज या धान्याला ‘मनूमिन’ म्हणतो. ‘पाण्यावर अन्न उगवते तिथवर चालत जा’ या भाकितानुसार पूर्वज पूर्वेकडून महासरोवरांच्या प्रदेशात आले, असे त्यांची परंपरा सांगते. कापणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये होते. होडीत दोघे असतात. एक लांब बांबूसारख्या काठीने होडी ढकलतो, दुसरा एका दांडक्याने ओंब्या वाकवून दुसऱ्याने हलकेच झोडतो. काही दाणे होडीत पडतात, काही पाण्यात. पाण्यात पडलेले पुढच्या वर्षाचे बियाणे. मग वाळवणे, लोखंडी कढईत भाजणे, तुडवून टरफल काढणे आणि पाखडणे.

१८३७च्या करारात जमीन सोडताना या समाजाने शिकार, मासेमारी आणि वाइल्ड राइस गोळा करण्याचा हक्क राखून ठेवला. हा हक्क अजूनही लागू असल्याचे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये पाच विरुद्ध चार अशा बहुमताने मान्य केले.

खाणींचा वाद काय आहे?

मिनेसोटाने १९७३ मध्ये वाइल्ड राइसच्या पाण्यात सल्फेटची मर्यादा प्रतिलिटर १० मिलिग्रॅम ठरवली. खाणी व सांडपाणी प्रकल्पांतून सल्फेट पाण्यात उतरते. गाळातील जिवाणू त्याचे सल्फाइड करतात आणि ते मुळांना मारक ठरते. मात्र या निकषाची अंमलबजावणी दीर्घकाळ कागदावरच राहिली. शुद्धीकरणाचा खर्च लोहखाणींना आणि लहान गावांच्या सांडपाणी केंद्रांना परवडणारा नाही, रोजगार जातील, असा दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद आहे. प्रत्येक सरोवरासाठी वेगळी मर्यादा काढणारे सूत्र राज्याने सुचवले, पण २०१८ मध्ये प्रशासकीय न्यायाधीशांनी ते नाकारले. २०२१ मध्ये केंद्रीय पर्यावरण संस्थेने अनेक वाइल्ड राइस सरोवरांची नावे प्रदूषित पाण्याच्या यादीत घातली. जून २०२३ मध्ये फॉन्ड डू लॅक समूहाच्या आक्षेपानंतर ‘नॉर्थमेट’ या तांबे-निकेल खाणीचा केंद्रीय परवाना रद्द झाला.

धान्यच न्यायालयात कसे गेले?

व्हाइट अर्थ समूहाने २०१८ मध्ये मनूमिनला स्वतःचे कायदेशीर हक्क देणारा कायदा केला. ‘लाइन ३’ तेलवाहिनीच्या बांधकामासाठी राज्याने सुमारे ५०० कोटी गॅलन पाणी उपसण्यास परवानगी दिली, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये आदिवासी न्यायालयात दावा दाखल झाला. त्यात पहिले फिर्यादी होते मनूमिन. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तेलवाहिनी सुरू झाली. मार्च २०२२ मध्ये समूहाच्याच अपिली न्यायालयाने, राखीव क्षेत्राबाहेरील बिगरसदस्यांच्या कृतीवर आपला अधिकार चालत नाही, असे सांगून दावा निकाली काढला. हक्क कागदावर आले, पण ते राबवायचे कुणी, हा प्रश्न राहिला.

हवामान बदलाचाही यात वाटा आहे. बियाण्याला उगवण्याआधी थंडगार पाण्यात काही महिने काढावे लागतात. त्यामुळे उबदार हिवाळे त्याला मानवत नाहीत. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाने पाण्यावर तरंगत असताना मोठा पाऊस होऊन पातळी चढली, तर रोपे उपटली जातात.

ग्राहकाने काय पाहावे?

दुकानातला बराचसा वाइल्ड राइस ‘वाइल्ड’ नसतो. मिनेसोटा विद्यापीठाने १९६०च्या दशकापासून दाणे न गळणारी वाणे विकसित केली आणि यंत्राने कापणी शक्य झाली. आज मिनेसोटा आणि कॅलिफोर्निया हे लागवडीच्या वाइल्ड राइसचे मुख्य उत्पादक आहेत. स्वस्त शेतमालामुळे सरोवरातल्या दाण्याचा भाव पडला, ही ओजिब्वे कापणीदारांची जुनी तक्रार आहे. म्हणूनच मिनेसोटात शेतातल्या मालावर तसे छापणे कायद्याने बंधनकारक आहे.

पाकिटावर ‘पॅडी ग्रोन’ किंवा ‘कल्टिव्हेटेड’ असेल तर तो शेतातला. ‘हँड हार्वेस्टेड’ किंवा ‘लेक’ असा उल्लेख असेल तर सरोवरातला. लाकडावर भाजलेला सरोवरातला दाणा तपकिरी, फिका दिसतो आणि अनेकदा अर्ध्या तासाच्या आत शिजतो. त्याची किंमत जास्त असते. पण तो पैसा होडीतून कापणी करणाऱ्या कुटुंबांपर्यंत जाण्याची शक्यताही जास्त असते. पाकिटातील माल निव्वळ वाइल्ड राइस आहे की इतर तांदळात मूठभर मिसळलेला, हे मात्र घटकांच्या यादीतच कळते.