हजेरी भरत नाही, पाळणा थांबत नाही



आधी एका दिवसाचा हिशेब मांडते. भाषण मग.

पहाटे साडेचारला नळ येतो. पाच हंडे भरायचे. सहाला पोर उठतं. त्याला पाजायचं, पुसायचं, परत निजवायचं. सातला नवऱ्याचा डबा. साडेसातला माझं पहिलं लेक्चर. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतनं कॉलेज पाऊण तास लांब. म्हणजे पहिलं लेक्चर माझं नाहीच. दुपारी दीडला घरी परत, कारण शेजारच्या मावशी दीडला धुण्याभांड्याला निघतात आणि तोवरच पोर सांभाळतात. संध्याकाळी सैपाक. रात्री पोर निजलं की अकरा ते एक पुस्तक. त्या दोन तासांवर माझी बी. ए. उभी आहे. पोर रडलं की तीही कोसळते.

आता सांगा, ह्यात विद्रोह कुठं बसवू?

आमचं सासर पासलीचं. वेल्ह्याच्या पुढं, केळदच्या रस्त्याला, सह्याद्रीच्या कडेला टेकलेलं गाव. भात, नाचणी, वरईचा मुलूख. पावसाळ्यात ढग खाली उतरून खाचरातच बसतो. पुढं केळद, मग मढे घाट, आणि घाट उतरला की महाड तालुका. तेच महाड, जिथं २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच महाडात २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जळाली, आणि त्याच परिषदेत बाबासाहेबांनी बायांना बजावलं की पोरींना शिकवा. आमच्या डोंगराच्या पाठीला पाठ लावून हे सगळं घडलं. मधे एक घाट. तो घाट आमच्या घरानं अजून पुरा उतरलेला नाही.

झालं असं. पोर अकरा महिन्यांचं झालं. आत्याबाईंनी, म्हणजे सासूनं, देवीला नवस बोललेला. जावळ देवीपुढंच काढायचं, मामाच्या मांडीवर. दिवस ठरला आणि नेमका त्याच दिवशी माझा अंतर्गत परीक्षेचा पेपर. मी नवऱ्याकडं बघितलं. नवरा आपला माणूस. निळा झेंडा खांद्यावर, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ, मोर्चात घोषणा त्याची सगळ्यात मोठी. मला वाटलं, हा बोलेल. म्हणेल, आई, आपण बौद्ध आहोत, जावळ-बिवळ नको, आणि हिचा पेपर आहे.

तो म्हणाला, "म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडायचं? पेपर काय, परत देता येईल."

स्वारगेटवरनं एस. टी. धरली. पोर कडेवर, पिशवीत पुस्तक. पासलीला जावळ निघालं. पुण्यात माझा पेपर निघाला. परत आले तर कार्यालयात सांगितलं, पेपर परत घ्यायचा नियम नाही, आणि तसंही तुमची हजेरी पंचाहत्तर टक्के भरत नाही, फॉर्म अडेल. मी म्हटलं, साहेब, बाळंतीण होते. साहेब म्हणाले, ते तुमचं घरगुती कारण झालं.

घरगुती कारण! घर म्हणतं, कॉलेज हे तुझं बाहेरचं खूळ. कॉलेज म्हणतं, पोर हे तुझं घरगुती कारण. दोघांच्या मधल्या उंबऱ्यावर बाई उभी. मनूनं तरी दुसरं काय सांगितलं होतं?

पण थांबा. आत्याबाईंवर दात खाऊ नका. मीही आधी खाल्ले. मग पासलीच्या चुलीपुढं बसून म्हातारीचं ऐकलं. सहा बाळंतपणं, जगली दोन. एक तर भात लावणीच्या दिवसांत, बांधावर. धुवाधार पाऊस, गाडी नाही, डॉक्टर नाही. माणूस कुणाला हाक मारेल? तिनं देवीला मारली, कारण हाकेला दुसरं कुणी नव्हतंच. मांगवाड्यातल्या मुक्ताबाई नावाच्या शाळकरी पोरीनं १८५५ साली 'ज्ञानोदया'त निबंध लिहिला, तेव्हा आमच्या बाया छपराविना बाळंत होतात हे तिनं जगाला सांगितलं. फुल्यांच्या शाळेत ती जेमतेम तीन वर्षं शिकलेली. तिच्या निबंधातली ती बाई आणि आमच्या आत्याबाई ह्यांच्यात शंभरावर वर्षांचं अंतर आहे, पण पाऊस तोच आहे. म्हातारीच्या नवसाला हसणं सोपं. दवाखाना उभा करणं अवघड. आम्ही सोपं तेवढं केलं.

आणि गंमत ऐका. नवस फेडून म्हातारी मोकळी झाली, आणि माझी फॉर्मची रड ऐकून म्हणाली, "मला आधी का नाय सांगितलंस? आता म्या येते पुण्याला. तू पेपरला जा. पोरापाशी म्या बसते." हे वाक्य माझ्या विद्रोही नवऱ्याच्या तोंडून यायला हवं होतं. ते नवस बोलणाऱ्या अडाणी म्हातारीच्या तोंडून आलं. त्या रात्री मला झोप आली नाही.

म्हणून विचारते, आपला धम्म नक्की राहतो कुठं? भिंतीवरचे देव उतरवले, तिथं बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर लावली, झालं? मग विहारात वंदनेला पुढं कोण बसतं आणि पौर्णिमेची खीर मागं कोण ढवळतं? पांढरी साडी धुऊन, नीळ घालून, इस्त्री करून बाईनं यायचं, आणि तीन तासांनी पोराला घेऊन बाहेर पायरीवर बसायचं, कारण पोर रडतं आणि भाषणात व्यत्यय येतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात घेतलेल्या प्रतिज्ञांत समतेचीही प्रतिज्ञा आहे. प्रज्ञा, शील, करुणा ह्या तिन्हींची सांगड घालून जगायची आहे. प्रज्ञा पहिली आहे, दोस्तांनो. प्रज्ञा म्हणजे शिकणं, तपासणं, समजून घेणं. म्हणजे माझं पुस्तक ही माझी वंदना आहे. रात्री अकरा ते एक मी धम्मच पाळते. ते दोन तास जो मोडतो, तो नवस करणाऱ्यापेक्षा धम्माला जास्त मोडतो.

गौतमीची गोष्ट विहारात सांगतात ती अर्धीच सांगतात. महामाया गेली, तेव्हा सिद्धार्थाला दूध पाजून वाढवलं गौतमीनं. पोर वाढवून झालं. मग ती ज्ञान मागायला गेली. तीनदा नकार मिळाला. ती गप्प घरी बसली नाही. बायांचा जथा घेऊन पायी वैशालीला निघाली, पाय सुजले, दारात उभी राहिली, आनंदानं तिची बाजू लावून धरली तेव्हा दार उघडलं. मला त्या गोष्टीत आनंद हवा आहे. आमच्या प्रत्येक शाखेत, प्रत्येक घरात एक आनंद पाहिजे, जो म्हणेल, हिला आत येऊ द्या. सध्या सगळे दारावरचेच आहेत.

काही भाऊ तोंडावर सांगतात, "बाबासाहेब म्हणाले होते लग्नाची घाई करू नका. तुम्ही केलीत. भोगा." खरं आहे. २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिलांच्या परिषदेत, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष असताना, बाबासाहेबांनी तसं सांगितलं. पण भावांनो, भाषण पुढंही ऐका. बायकोनं नवऱ्याची मैत्रीण व्हावं, बरोबरीनं उभं राहावं, गुलाम होऊ नये, हेही त्याच दिवशी सांगितलं. अर्धं भाषण तुमचं आणि अर्धं आमचं, अशी वाटणी चालणार नाही. आणि लग्नाची घाई करतं कोण? एकोणिसाव्या वर्षी माझं लग्न ठरलं तेव्हा मला कुणी विचारलं होतं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या दर शंभर बायांत सुमारे बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. त्या बावीस जणींना आता काय सांगणार? भोगा? मग चळवळ कशाला?

मागं वळून बघा, ही वाट कुणी तुडवली. माहूदच्या शांताबाई कांबळे. सोलापूर जिल्ह्यात शाळामास्तरीण झालेली पहिली दलित बाई. नवऱ्यानं दुसरी बायको केली तेव्हाही बाईनं हातातला खडू सोडला नाही. नोकरीला दहा वर्षं झाल्यावर १९५२ ला पुण्यात ट्रेनिंगला आल्या, पुढं शिक्षण विस्तार अधिकारी झाल्या. दलित पँथरचे अरुण कांबळे त्यांचे चिरंजीव. फलटणच्या बेबी कांबळे दुकानाच्या गल्ल्यावर बसून वह्या लिहीत गेल्या, घरच्यांच्या नजरेआड लपवत गेल्या, आणि १९८२ ला 'स्त्री' मासिकात छापून आल्या. उर्मिला पवार मुंबईत नोकरी, मुलं, सैपाक सांभाळत एम. ए. पर्यंत पोचल्या, आणि 'आयदान'मध्ये घरातल्या कुरबुरी झाकून ठेवल्या नाहीत. त्यांच्यावर आम्ही व्याख्यानं देतो. त्यांनी वह्या का लपवल्या आणि कुणापासून, हे मात्र व्याख्यानात येत नाही.

आता सरकारचं बघू. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांनी कामगार बायांच्या बाळंतपणाच्या रजेची बाजू मांडली. १९२९ ला मुंबई प्रांतात कायदा झाला. १९६१ ला देशाचा झाला. २०१७ ला रजा सव्वीस आठवड्यांची झाली, आणि पन्नासावर माणसं कामाला असतील तिथं पाळणाघर सक्तीचं केलं. २००५ च्या रोजगार हमी कायद्यानं तर कामावर पाच पोरं आली तर ती सांभाळायला एक बाई नेमायची सोय लिहून ठेवली होती. म्हणजे खडी फोडायला आलेल्या बाईच्या पोराचा विचार कायद्यानं केला. प्राध्यापिका बाईच्या पोराचा केला. वर्गात बाकावर बसलेल्या आईचा केला नाही. घाम विकाल तर पाळणा, डोकं वापराल तर घरगुती कारण!

अगदीच काही नाही असंही नाही. डिसेंबर २०२१ ला विद्यापीठ अनुदान आयोगानं सगळ्या विद्यापीठांना पत्र धाडलं, की पदवीच्या विद्यार्थिनींनाही बाळंतपणाची रजा, हजेरीत सूट, परीक्षेच्या फॉर्मला मुदतवाढ ह्यांचे नियम करा. २०२३ ला दिल्लीच्या हायकोर्टानं एम. एड. च्या एका विद्यार्थिनीच्या बाजूनं निकाल दिला. हे पत्र मला माहीत नव्हतं. कार्यालयातल्या साहेबांना माहीत होतं की नाही, देव जाणे. चुकले, देव काय जाणणार! साहेबच जाणे. आता मी ते पत्र छापून पिशवीत ठेवलंय. पोराच्या लंगोटांच्या शेजारी.

कुणी म्हणेल, नाशिकच्या मुक्त विद्यापीठातनं करा, घरी बसून. ते १९८९ ला निघालं, त्यानं हजारो बायांना हात दिला, त्याला माझा सलाम. पण मला वर्ग पाहिजे. वाद घालायला बाक पाहिजे, लायब्ररीतली खुर्ची पाहिजे. शंभर पिढ्या घरात काढल्यावर शिक्षणही घरातच घ्यायचं?

तेव्हा भावांनो, ठराव मांडते. शाखेच्या बैठकीत घ्या. बुडवाल तर पुढच्या बैठकीत परत मांडीन.

एक. आयोगाचं पत्र छापून प्रत्येक कॉलेजच्या दाराशी वाटायचं. नियम केला का, असा लेखी जाब विचारायचा. तोंडी उत्तर घ्यायचं नाही.

दोन. तीन वर्षांखालच्या पोराला बहुतेक अंगणवाड्यांत बसायला जागा नाही. तर विहार दिवसभर कुलपात कशाला? सकाळी सात ते दोन विहारात पाळणे बांधा. बुद्धाच्या मूर्तीपुढं पोरं रांगली तर धम्म बाटत नाही.

तीन. त्या पाळण्यांपाशी पुरुष कार्यकर्त्यांची पाळी लागेल. पहिलं नाव माझ्या नवऱ्याचं लिहा. त्याला मी सांगितलंय. तो हो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. परवा त्यानं पहिल्यांदा लंगोट बदलला. उलटा बांधला. चालेल. आम्हीही पहिली घोषणा उलटीच दिली होती.

आत्याबाई खरंच आल्यात. हे लिहीत असताना त्या पोराला जोजवतायत. ओवीत देवीचं नाव घेतात, मी अडवत नाही. मधेच मला विचारलं, "काय लिवतीस?" मी म्हटलं, तुमचंच. म्हातारी म्हणाली, "मग नीट लिव. आन् मला वाचून दाव."

फॉर्मचा निकाल अजून लागायचा आहे. उद्या परत जाणार, पत्र घेऊन. नाही म्हणाले तर परवा जाईन. पोर कडेवर घेऊन जाईन आणि रडलं तर रडू देईन. कार्यालयालाही कळू दे, घरगुती कारण कसं ओरडतं ते.

जय भीम.